झपाटलेला वाडा आणि तारेवरचा सांगाडा : विल्यम कॅसलच्या भयपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम कॅसल या अमेरिकन दिग्दर्शकाने १९५८ पासून पुढची काही वर्षे स्वस्तातले भयपट काढले आणि जवळजवळ प्रत्येक चित्रपटासोबत थिएटरातच एखादी गंमत मांडून ठेवली. कधी प्रेक्षकांच्या डोक्यावरून सांगाडा गेला, कधी बसल्या जागी खुर्ची थरथरली, कधी घाबरून उठणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत मिळाले. मला हे चित्रपट मनापासून आवडतात. ते ज्यांना दाखवतो त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र लिहून काढली आहेत. एका उत्तरात 'हाउस ऑन हॉन्टेड हिल'चा शेवट फुटतो. तिथे आधी सांगितले आहे.

विल्यम कॅसल कोण होता?

न्यू यॉर्कचा माणूस, जन्म १९१४ चा. पोरवयात त्याने बेला लुगोसीला रंगमंचावर ड्रॅक्युला करताना पाहिले आणि तिथून त्याने नाटकाची वाट धरली. पुढे कोलंबिया स्टुडिओत कमी बजेटचे, झटपट उरकायचे चित्रपट तो दिग्दर्शित करू लागला. १९४४ चा 'द व्हिसलर' त्यातलाच, आणि तो आजही बघण्यासारखा आहे. ऑर्सन वेल्सच्या 'द लेडी फ्रॉम शांघाय'च्या निर्मितीतही त्याचा हात होता. थोडक्यात, त्याला कॅमेरा कळत होता. 'नुसता जाहिरातबाज' हा शिक्का त्याच्यावर बसला, तो मला मान्य नाही.

जाहिरातीची हौस मात्र जबर. तरुणपणी कनेटिकटमधल्या एका छोट्या नाट्यगृहात त्याने जर्मन अभिनेत्रीला घेऊन नाटक लावले होते. त्याची चर्चा व्हावी म्हणून त्याने रात्री स्वतःच नाट्यगृहावर स्वस्तिक रंगवून तोडफोड केली आणि नाझींनी हल्ला केल्याचा बोभाटा होऊ दिला. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे. १९३९ सालच्या युरोपात काय चालले होते ते पाहता मला हा प्रकार रुचत नाही. भुतांच्या चित्रपटांतल्या त्याच्या युक्त्या याच्या अगदी उलट जातीच्या होत्या, कारण तिथे प्रेक्षकाला सगळे ठाऊक असे.

हे सगळे सुरू कशातून झाले?

एका रांगेतून. १९५५ चा 'ले दियाबोलिक' हा फ्रेंच थरारपट अमेरिकेत लागला, तेव्हा तो बघायला तरुण पोरांची झुंबड उडाली होती. पैसे मोजून घाबरायला लोक तयार आहेत, हे कॅसलने ओळखले. त्याने राहते घर गहाण टाकून 'मकाब्र' नावाचा चित्रपट काढला. तो तयार झाल्यावर त्याच्या लक्षात आले असावे की एवढ्यावर काही गर्दी खेचता येणार नाही. मग त्याने लॉईड्स ऑफ लंडनकडून विमा उतरवला : चित्रपट पाहताना भीतीने कुणी दगावलाच, तर त्याच्या वारसाला एक हजार डॉलर. हृदयविकार असलेले आधीच वगळलेले. तिकिटासोबत विम्याचा कागद हातात पडायचा. काही थिएटरांच्या लॉबीत परिचारिका बसवल्या होत्या आणि बाहेर शववाहिका उभ्या होत्या.

कुणी दगावले नाही आणि कॅसलचे पैसे अनेक पटींनी वसूल झाले. चित्रपट म्हणून 'मकाब्र' रटाळ आहे. विम्याची गोष्ट ऐकून आधी तोच बघायला घेऊ नका.

'हाउस ऑन हॉन्टेड हिल'मध्ये आहे तरी काय?

हा १९५९ चा कृष्णधवल चित्रपट, जेमतेम ७५ मिनिटांचा. सुरुवातीला पडदा नुसता काळा. त्या काळोखात किंकाळी, विव्हळणे, साखळदंडांचा आवाज. मग एक नुसते मुंडके अधांतरी येते आणि या घरात कोण कोण मेले ते सांगते. ते संपते न संपते तोच दुसरे मुंडके येऊन आपल्याला रीतसर आमंत्रण देते. ते असते नट व्हिन्सेंट प्राइसचे. तो लक्षाधीश फ्रेडरिक लॉरेन. बायकोसाठी पार्टी ठेवली आहे, पाच अनोळखी पाहुणे बोलावले आहेत, आणि जो रात्रभर घरात टिकेल त्याला दहा हजार डॉलर. पाहुणे येतात शववाहिकांतून. रात्री बारा वाजता दारे बंद होणार. प्रत्येकाला भेट म्हणून एकेक पिस्तूल मिळते, तेही छोट्याशा शवपेटीत ठेवलेले.

नवरा-बायको एकमेकांच्या जिवावर उठले आहेत आणि दोघेही अत्यंत सभ्य शब्दांत एकमेकांना टोचून बोलतात. प्राइस आणि कॅरल ओमार्ट यांचे ते प्रसंग मला भुतांपेक्षाही आवडतात. तळघरात तेजाबाचा हौद आहे. छतातून रक्त ठिबकते. आणि त्या तळघरात एक म्हातारी अशा काही रीतीने समोर येते की आजची, सगळे पाहून बसलेली पोरेसुद्धा खुर्चीतून उडतात.

सांगाडा खरोखर प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायचा?

जायचा. या युक्तीला कॅसलने 'इमर्गो' असे भारदस्त, शास्त्रीय वाटणारे नाव दिले होते. पडद्याशेजारी एक पेटी. पडद्यावर तेजाबाच्या हौदातून सांगाडा वर आला की पेटी उघडायची आणि प्लास्टिकचा चमकता सांगाडा कप्प्यांवरून, तारेला लटकत, अंधारात प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत जायचा आणि तसाच परत यायचा.

पहिल्या काही दिवसांत किंकाळ्या. मग गावभर बातमी. त्यानंतर पोरे तयारीनिशी येऊ लागली : पॉपकॉर्नचे खोके, हाताला येईल ते, कुणी गलोलसुद्धा. सांगाडा निघाला की मारा सुरू. थिएटरवाले वैतागले आणि काहींनी तो प्रकार बंदच केला. पण मला विचाराल तर सांगाड्याचे खरे काम तिथेच झाले. अंधारात गपगार बसून वर बघणारी पोरे आता उभी राहून ओरडत होती, नेम धरत होती, शेजारच्या अनोळखी पोराबरोबर हसत होती. एरवी पडद्याकडे तोंड करून बसलेल्या पाचशे माणसांना एकमेकांची जाणीव करून देणे सोपे नसते.

या युक्तीचा कथेशी काही संबंध होता का, की नुसतेच ठिगळ?

(चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.)

संबंध आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. हौदातून वर येणारा सांगाडा कथेतही खोटाच आहे. लॉरेन अंधारात उभा राहून दोऱ्या आणि चकत्यांच्या यंत्राने त्याला नाचवतो. बायको आणि तिचा प्रियकर यांनी भुताटकीचे नाटक रचून एका बिचाऱ्या मुलीच्या हातून लॉरेनला मारायचा बेत केलेला असतो. लॉरेन त्यांच्यावर त्यांचेच नाटक उलटवतो. घरात भुते असतील-नसतील, पण आपण पाहिलेली जवळपास प्रत्येक भीती कुणीतरी हाताने तयार केलेली होती.

आता थिएटरातला क्षण डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर एक माणूस दोऱ्यांनी सांगाडा हलवतोय, आणि त्याच वेळी थिएटरचा माणूस तारेवरून दुसरा सांगाडा सोडतोय. दोघांचा धंदा एकच. लॉरेन म्हणजे कॅसलच. म्हणून हा चित्रपट घरी टीव्हीवर, तारेवाचून पाहिला तरी अपुरा वाटत नाही. पटकथा रॉब व्हाइटची. कॅसलच्या या काळातल्या चांगल्या चित्रपटांमागे त्याचा मोठा वाटा आहे आणि त्याचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही.

बाहेरून दिसते ते घर खरे आहे का?

खरे आहे. लॉस एंजेलिसमधले एनिस हाउस, फ्रँक लॉइड राइटने आखलेले, १९२४ सालचे. नक्षीच्या काँक्रीट ठोकळ्यांनी रचलेले, माया संस्कृतीच्या देवळांची आठवण करून देणारे. आत शिरल्यावर मात्र गॅसचे दिवे, जड पडदे, जुना जिना. बाहेरच्या घराशी त्याचा काही मेळ नाही, कारण आतले सगळे स्टुडिओतले. काहींना हे खटकते. मला ते बरे वाटते. शंभर वर्षांचे पडके घर दाखवण्याऐवजी जेमतेम ३५ वर्षांची, अगदी आधुनिक वास्तू झपाटलेली दाखवायला धाडस लागते.

'द टिंगलर'मध्ये खुर्च्यांना करंट दिला होता, हे खरे का?

करंट नव्हता, कंप होता. ही कॅसलची सर्वांत चांगली युक्ती, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

चित्रपट १९५९ चाच. व्हिन्सेंट प्राइस यात डॉक्टर आहे. त्याचा सिद्धांत असा, की माणूस अतोनात घाबरला की त्याच्या पाठीच्या कण्यावर एक जीव वाढू लागतो आणि कणा आवळू लागतो. त्यावर उपाय एकच : किंचाळणे. किंचाळलात की तो विरून जातो. किंचाळता आले नाही तर मरण. गावात एका जोडप्याचे मूकपट दाखवणारे थिएटर आहे, आणि त्यातली बायको मूकबधिर आहे. तिला किंचाळता येत नाही. पुढचे तुम्ही ओळखले असेल.

तिला घाबरवण्याचा जो प्रसंग आहे त्यात सगळे चित्र काळे-पांढरे असताना नळातून लालभडक रक्त येते आणि बाथटब रक्ताने भरलेला असतो. हा भाग रंगीत फिल्मवर घेतला होता. खोली काळ्या, पांढऱ्या, करड्या रंगांनी रंगवली, नटीच्या तोंडालाही करडा रंग फासला आणि रक्त तेवढे लाल ठेवले. इतका साधा उपाय आणि इतका भेदक परिणाम! याच चित्रपटात डॉक्टर स्वतःवर एलएसडी या भ्रम पाडणाऱ्या द्रव्याचा प्रयोग करतो. ते तेव्हा कायदेशीर होते, आणि पडद्यावर ते दाखवणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांत याची गणना होते.

आता युक्ती. नाव 'पर्सेप्टो'. लष्कराच्या जुन्या सामानात निघालेल्या छोट्या मोटरी काही निवडक खुर्च्यांखाली बसवल्या होत्या. सगळ्या खुर्च्यांखाली बसवणे परवडणारे नव्हते आणि गरजही नव्हती, कारण दहा जण दचकले की शंभर जण दचकतात. शेवटाकडे तो जीव मूकपटाच्या थिएटरात सुटतो. पडद्यावरचे चित्र तुटते, पांढऱ्या उजेडात त्याची सावली सरपटत जाते, मग मिट्ट काळोख. प्राइसचा आवाज येतो : जीव वाचवायचा असेल तर किंचाळा. आणि खुर्च्या थरथरू लागतात.

चित्रपटातले थिएटर आणि आपण बसलो ते थिएटर क्षणभर एकच होऊन जाते. किंचाळणे हे औषध असल्याचे आपल्याला तासभर आधीच पटवून दिलेले असते, त्यामुळे ओरडायची लाजही उरत नाही. मोठ्यांनाही नाही. तासभराची अख्खी कथा त्या एका मिनिटाच्या तयारीसाठी रचलेली आहे. काही ठिकाणी प्रेक्षकांत पेरलेली एखादी बाई बेशुद्ध पडायची आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यायचे. ते नसते तरी चालले असते.

'१३ घोस्ट्स'मधल्या रंगीत पट्ट्या कशा चालायच्या?

१९६० चा चित्रपट. युक्तीचे नाव 'इल्यूजन-ओ'. प्रत्येकाला पुठ्ठ्याचे एक चौकट मिळे, त्यात एक लाल आणि एक निळी जिलेटिनची पट्टी. भुतांच्या प्रसंगांत चित्र निळसर आणि भुते तांबडी. लाल पट्टीतून पाहिले की भुते ठळक दिसत, निळीतून पाहिले की नाहीशी होत. ज्याचा भुतांवर विश्वास आहे त्याने लालमधून पाहावे, ज्याचा नाही त्याने निळीतून, असे कॅसल सुरुवातीलाच पडद्यावर येऊन समजावून सांगे. कल्पना फार गोड आहे. चित्रपट तेवढा नाही, पण मार्गारेट हॅमिल्टनसाठी जरूर पाहा. 'विझार्ड ऑफ ऑझ'मधली चेटकीण यात मोलकरीण झाली आहे, आणि ती चेटकीण आहे की नाही यावरून पोरगा तिला छळतो.

पैसे परत देण्याची भानगड काय होती?

'होमिसायडल', १९६१. शेवटाआधी चित्रपट थांबतो, पडद्यावर घड्याळ येते. ४५ सेकंद. ज्याला पुढचे बघवणार नाही त्याने उठावे, तिकिटाचे पैसे परत. सुरुवातीला काही हुशार मंडळी पहिला खेळ पूर्ण पाहून, तिथेच बसून राहून, दुसऱ्या खेळात या ४५ सेकंदांत उठू लागली. मग कॅसलने प्रत्येक खेळाची तिकिटे वेगळ्या रंगाची केली आणि लॉबीत 'भित्र्यांचा कोपरा' उभारला. उठणाऱ्याने सगळ्यांदेखत पिवळ्या रेघेवरून चालत तिथवर जायचे, परिचारिकेकडून रक्तदाब तपासून घ्यायचा, आणि 'मी भित्रा आहे' अशा कागदावर सही करायची. मग पैसे. फारच थोडे उठले.

आणि शिक्षा ठरवण्याचे मतदान?

त्याच वर्षीचा 'मिस्टर सार्डोनिकस'. प्रेक्षकांना अंगठा छापलेले, अंधारात चमकणारे कार्ड मिळे. शेवटी कॅसल पडद्यावर येऊन विचारी, खलनायकाला दया की शिक्षा? अंगठा वर किंवा खाली. कॅसल मते मोजल्याचा अभिनय करतो आणि निकाल लागतो : शिक्षा. दयेचा शेवटही चित्रित केला होता, असे तो सांगत असे. तो कुणाला कधी सापडलेला नाही. माणसांचा स्वभाव त्याने बरोबर हेरला होता.

लोकांना फसवूनच पैसे काढले ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. फसवणुकीत एका बाजूला माहीत नसते. इथे जाहिरातीतच सगळे सांगितलेले असे. कॅसल हातात सिगार घेऊन स्वतः पडद्यावर येई आणि आज काय होणार ते सांगे. सांगाडा प्लास्टिकचा आहे हे दहा वर्षांच्या पोरालाही कळत होते. त्याला कॅसलने जे कबूल केले ते मिळाले : एक संध्याकाळ, सगळ्यांनी मिळून घाबरण्याचा खेळ, तोही नाटकाच्या थाटात.

नुसते ठिगळही होतेच, ते नाकारत नाही. 'स्ट्रेट-जॅकेट'च्या वेळी प्रेक्षकांना पुठ्ठ्याच्या कुऱ्हाडी वाटल्या. ती आठवण म्हणून घरी न्यायची वस्तू, त्यापलीकडे काही नाही. त्या चित्रपटाला जोन क्रॉफर्डसारखी बडी नटी होती, तिच्यापुढे कुऱ्हाड काय करणार?

कॅसलच्या आधी असे कुणीच केले नव्हते?

पुष्कळांनी केले होते. पॅरिसमध्ये १७९० च्या दशकात रॉबर्टसन नावाने ओळखला जाणारा एतिएन-गास्पार रोबेर धुरावर जादूच्या कंदिलाने भुते पाडून दाखवत असे, आणि कंदील चाकांवर असल्याने भुते प्रेक्षकांच्या अंगावर धावून येत. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग एका ओसाड मठात. १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपरने तिरकी काच लावून रंगमंचावर पारदर्शक भूत उभे केले. त्या काचेचे तत्त्व मनोरंजन उद्यानांतल्या भूतबंगल्यांत अजून वापरतात. जादूचा कंदील आपल्याकडेही होता. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ १८९० च्या दशकात केले. त्यांचा रोख भुतांवर नव्हता, पण अंधाऱ्या खोलीत कंदिलाभोवती माणसे जमवणे तेच.

चित्रपटात पाहायचे तर जॉर्ज मेलिएसने १८९६ मध्येच किल्ल्यातल्या सैतानाचा तीनेक मिनिटांचा चित्रपट केला : वटवाघूळ, सांगाडा, कढई, सगळे त्यात आहे. पुढे १९२० च्या सुमारास ब्रॉडवेवर वादळी रात्र, जुना वाडा, मृत्युपत्र, भिंतीतून येणारा हात अशी नाटके चालली. त्यांतल्या 'द कॅट अँड द कॅनरी'वर पॉल लेनीने १९२७ मध्ये मूकपट काढला. हसू आणि धडकी एकत्र नांदवण्याची रीत तिथली, आणि कॅसलने ती तिथूनच घेतली.

मग हे पीक नेमके १९५० च्या दशकात का आले?

टीव्हीमुळे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दहातल्या एका घरातही टीव्ही नव्हता. दशक संपताना दहातल्या आठांहून अधिक घरांत आला. लोकांना घरात मिळत नाही असे काहीतरी थिएटरात देणे भाग होते. म्हणून रुंद पडदे आले, १९५३ मध्ये प्राइसचाच 'हाउस ऑफ वॅक्स' त्रिमितीत आला (त्याचा दिग्दर्शक आंद्रे द तोथ याला एकच डोळा होता, म्हणजे तो त्रिमितीचा परिणाम त्याला स्वतःला दिसतच नव्हता!), आणि दशकाच्या शेवटी थिएटरात वास सोडण्याचेही प्रयोग झाले. मोठ्या स्टुडिओंनी यंत्रांवर लाखो डॉलर ओतले. कॅसलकडे तार, कप्पी आणि जिलेटिन होते.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने 'सायको' हा भयपट कॅसलवरून केला का?

'कॅसलवरून' म्हणणे जास्त होईल. कमी पैशांतले कृष्णधवल भयपट खोऱ्याने पैसा ओढत आहेत हे हिचकॉकने पाहिले होते, एवढे नक्की. 'सायको' १९६० चा, आणि चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही हा त्याचा नियम कॅसलला शोभेल असा होता. मग 'होमिसायडल'मध्ये कॅसलने 'सायको'चे उघड उघड अनुकरण केले. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली.

पुढे कॅसलचे काय झाले?

'रोझमेरीज बेबी' कादंबरीचे हक्क त्याने विकत घेतले. त्याला ती स्वतः दिग्दर्शित करायची होती. पॅरामाउंट स्टुडिओने दिग्दर्शन रोमान पोलान्स्कीला दिले आणि कॅसल निर्माता राहिला. १९६८ चा तो चित्रपट भयपटांतला मानाचा. त्यात टेलिफोन बूथच्या प्रसंगात बाहेर उभा असलेला सिगारवाला माणूस म्हणजे कॅसल. १९७७ मध्ये तो गेला. १९९९ मध्ये 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' पुन्हा काढणाऱ्या निर्मात्यांनी आपल्या कंपनीचे नाव त्याच्यावरूनच डार्क कॅसल ठेवले. त्या नव्या चित्रपटात रक्त भरपूर आहे, मजा कमी.

आज कुठून सुरुवात करावी? मुलांना दाखवता येईल का?

'हाउस ऑन हॉन्टेड हिल'पासून. अमेरिकेत त्याच्या हक्कांचे नूतनीकरण झाले नाही, म्हणून तो इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतो. नंतर 'टिंगलर', मग '१३ घोस्ट्स'. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना मी बिनधास्त दाखवेन, मात्र पहिल्यात फासाला लटकलेली बाई आणि कापलेले मुंडके आहे, ते आधी सांगून ठेवा. एकट्याने, इअरफोन लावून मात्र पाहू नका. पाच-सात जण तरी हवेत, दिवे बंद हवेत, आणि मोठ्याने बोलायला परवानगी हवी.

घरी किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये 'इमर्गो' करता येईल?

सहज. नायलॉनची मासेमारीची दोरी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, मागे थोडी खाली उतरती बांधा. पंख्याच्या वाटेत येऊ देऊ नका आणि पंखे बंदच ठेवा. पांढऱ्या पुठ्ठ्याचा दोन-अडीच फुटी सांगाडा कापून त्यावर अंधारात चमकणारा रंग लावा आणि खेळाआधी अर्धा तास दिव्याखाली ठेवा, नाहीतर तो चमकणार नाही. पडद्याच्या रिंगा दोरीत ओवून त्याला अडकवा, आणि मागे ओढून घ्यायला दुसरी बारीक दोरी बांधा. सोडणाऱ्याने चित्रपट आधी पाहिलेला असावा. हौदातले तेजाब खदखदू लागले की हात दोरीवर, सांगाडा पूर्ण वर आला की सोडायचा. समोरच्या रांगेत कागदाचे बोळे आधीच वाटून ठेवा.